चंदनबाईचा मुटका

चंदनबाईने फोनवर एक थाप मारली आणि त्या उन्हाळ्यात बेबीनंदाच्या विहिरीची दुपारची झोप उडाली.

थापेचं झालं असं. चंदनबाईचा मुलगा अंकित पुण्याला नोकरीला, सून कनिकाही नोकरीला, आणि त्यांची लेक अजून दुपट्यातली. नवलकिशोर शेठचे गुडघे कुरकुरायला लागले तसं त्यांनी जाफराबादच्या बाजारातलं कापडाचं दुकान पुतण्याच्या हवाली केलं. उन्हाळा सरता सरता नवरा-बायकोने कायमचं पुण्याला जायचं, हे घरात ठरून गेलं. एका संध्याकाळी कनिकाने फोनवरून आपल्या सोसायटीतला पोहायचा निळा तलाव दाखवला. म्हणाली, "मम्मी, इथे सकाळी लेडीज बॅच असते. तुमच्या वयाच्याही येतात. तुम्ही शिकाल?" नातीला बघायला आलेली कनिकाची आई शेजारीच बसली होती. ती कनवाळूपणाने म्हणाली, "त्यांना कशाला गं पाण्यात ओढतेस? गावाकडच्या बायका बिचाऱ्या, भितील."

'बिचाऱ्या' हा शब्द चंदनबाईला मिरचीच्या धुरासारखा लागला.

"शिकायचं?" ती फोनच्या तोंडात तोंड घालून म्हणाली. "आमच्या जाफराबादेत आम्ही बाया विहिरीत मुटके मारतो, मुटके!"

मुटका म्हणजे गुडघे पोटाशी आवळायचे आणि काठावरून अंग धोंड्यासारखं पाण्यात सोडून द्यायचं. पाणी थेट कठड्यापर्यंत उडालं तर तो खरा मुटका. पोरं उन्हाळाभर तेवढं एकच काम करतात. चंदनबाईने मात्र जन्मात अंगावर पाणी घेतलं होतं ते बादलीतलं, आणि तेही कोमट करून.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाजारामागच्या बोळातून बेबीनंदाच्या दारात उभी. बेबीनंदा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका; शाळेला सुट्टी लागली होती आणि ती निवांत चहा गाळत होती.

"बेबी, मला पोहायला शिकव."

बेबीनंदाच्या हातातली गाळणी तशीच राहिली. "काय?"

"पोहायला. जल्दी शिकव. आन् मुटका पण."

"तुला? अंकित शिकत होता तेव्हा काठावर उभी राहून तूच रडत होतीस ना? पोरगं हसत होतं अन् तू बोंबलत होतीस."

"तव्हाचं सोड. आता माझ्या इज्जतीचा सवाल आहे." चंदनबाईने पाटावर बसकण मारली आणि थापेची सगळी हकिगत सांगितली. सांगता सांगता तिचे कान पुन्हा लाल झाले. शेवटी म्हणाली, "शेठला बोलून आले. पोहता आल्याबिगर मी जाफराबाद सोडणार न्हाई. बिलकुल न्हाई."

बेबीनंदा पोट धरून हसली. पण हसता हसता तिच्या मनात एक गोष्ट हळूच येऊन बसली. पाडव्यापासून, म्हणजे जायचं ठरलं त्या दिवसापासून, तिच्या छातीत काहीतरी अडकून होतं. अंकित पहिलीत तिच्या वर्गात आला तेव्हापासूनची ही मैत्रीण. सणाला इकडची खीर तिकडे आणि तिकडचा घेवर इकडे. लेकीच्या, पायलच्या बाळंतपणात रात्रभर दवाखान्याच्या बाकावर बसलेली. आणि आता बघा, तिचं जाणं पोहण्यावर येऊन थांबलं होतं. पोहणं कुणाच्या हातात? बेबीनंदाच्या.

"शिकवते," ती म्हणाली. "पण घाई करायची न्हाई. पाणी आहे ते, फळा न्हाई."

विहीर नदीकडच्या वावरात होती. बेबीनंदाच्या सासऱ्यांनी आणि त्यांच्या भावांनी ती आपल्या हातांनी खणली, बांधली. बाहेरचा माणूस म्हणेल, गावात एवढ्या विहिरी असताना या लोकांनी पुन्हा कशाला घाम गाळला. गावातलं कुणी असं म्हणत नाही. तेव्हा त्या विहिरींवर या लोकांना घागर बुडवू देत नसत, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पाणी मात्र असं लागलं, की वैशाखात सगळीकडे तळ उघडे पडले तरी या विहिरीचा झरा वाहता. चिरेबंदी काठ, आत उतरायला दगडी पायऱ्या, आणि वरच्या अंगाला मोटेच्या काळातला एक रुंद दगड, पाण्यावर थोडा पुढे आलेला. सगळी पोरं त्याच दगडावरून उड्या मारायची.

बेबीनंदाने माळ्यावरून भोपळा काढला. वाळून लाकडासारखा टणक झालेला, तंबोऱ्याच्या भोपळ्याएवढा. त्याच्या तोंडाला तिने मेणबत्तीचं मेण ओतून नवं बूच बसवलं. याच भोपळ्यावर तिची पायल शिकली, अंकित शिकला, अर्धा बोळ शिकला. भोपळा पाठीमागे कमरेला बांधायचा, त्याने अंग वर राहतं. आणि एक दोरी बांधून तिचं टोक काठावरच्या माणसाच्या हातात द्यायचं.

दोरी धरायला कांताबाई आली. शेजारच्या वावरातली भाजीवाली कांताबाई, जिची जीभ विळ्यापेक्षा धारदार. ती स्वतः पाण्यात उतरायला तयार नव्हती. "मला काय कुनाला दाखवायचं न्हाई बाई," म्हणाली, "मी आपली मजा पाहीन." चौथा माणूस म्हणजे बेबीनंदाचा नवरा संपत. त्याने विहिरीकडे पाठ करून बांधावरच्या निंबाखाली बसायचं आणि वाटेने कुणी पुरुष येताना दिसला की खोकायचं. एवढंच त्याचं काम. ते त्याने उन्हाळाभर इमानाने केलं.

पहिल्या दुपारी चंदनबाई आली ती शेठचा जुना पायजमा आणि अंकितचा कॉलेजातला शर्ट घालून, डोक्याला फडकं बांधून. कांताबाईने उठून हात जोडले.

"या शेठ, या. दुकान बंद करून आले का?"

"हस तू. उद्या मी पुण्याच्या तलावात उतरीन तव्हा टीव्हीवर पाहशील."

"टीव्हीवर दाखवतीन खरं. पन बातमीत."

"कांते, तोंड आवर," बेबीनंदा म्हणाली. "चंदन, पायरीवर बस. नुसते पाय सोड पाण्यात. आज एवढंच."

चंदनबाईने पाय सोडले आणि घटकाभरात अशी किंचाळली, की निंबावरचे साळुंक्यांचे थवे उडाले.

"काय झालं?" संपतने पाठमोऱ्यानेच विचारलं.

"मासा! बोटाला चावला!"

"भिऊ नको," कांताबाई म्हणाली. "तो पन तुझ्यासारखाच हाय, कांदा-लसूण खात न्हाई. नुसता वास घेऊन राह्यला."

बेबीनंदा पाण्यात उतरली. बायकोला, आईला, शिक्षिकेला दिवसभर जी कामं असतात ती सगळी जणू काठावर काढून ठेवली आणि एका बुडीत ती पोरगी होऊन वर आली. केस मागे सारत तिने गळा मोकळा केला. तिची आई जात्यावर बसली की बोलणं गाण्यातच व्हायचं. तो गळा लेकीकडे आला होता.

उन्हाळ्याचं ऊन, जसं तव्याचं लोखंड
विहिरीत माझ्या बाई, पाणी माठावानी थंड

"गाणं नंतर," चंदनबाई पायरीला घट्ट धरून म्हणाली. "आधी मला धर."

मग रोज दुपार तशी रंगत गेली. गाव दारं लोटून निजलेलं, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि विहिरीवर तीन बायकांचा कालवा. आधी पाय. मग कमरेपर्यंत. मग भोपळा बांधून पायरी सोडायची, ती चंदनबाई सोडीना. बेबीनंदाने तिची बोटं एकेक करून उकलली, तशी ती बेबीनंदाच्या गळ्यालाच पडली आणि दोघी मिळून खाली गेल्या. वर आल्या तेव्हा चंदनबाईच्या नाकातोंडातून पाणी, आणि कांताबाई दोरी ओढत ओरडतेय, "सोड तिला, शेठाणी! आमच्या मास्तरीनबाईला घेऊन बुडती का काय!"

"पाण्याला धरायचं न्हाई," बेबीनंदा धापा टाकत म्हणाली. "पाण्यावर विसावायचं. मान टाक. टाक मान. मी आहे ना खाली."

चंदनबाईने डोळे मिटून मान टाकली. कान पाण्यात गेले. बेबीनंदाने तिच्या पाठीखाली हात धरला आणि मग हळूच काढून घेतला. चंदनबाई तरंगत राहिली, शेठच्या पायजम्यात हवा भरून दोन्ही पाय फुगलेले. मग म्हणाली, "बेबी, आतून झऱ्याचा आवाज येऊन राह्यला गं. एवढे वर्षं तू मला हे सांगितलंच न्हाई."

पोहणं झालं की निंबाखाली पंगत. बेबीनंदाची भाकरी आणि बिनलसणाचा ठेचा, चंदनबाईचं कैरीचं पन्हं आणि खाखरे, कांताबाईच्या वावरातलं काकडीसारखं गार वाळूक. संपतला तोंड इकडे वळवायची परवानगी मिळायची ती याच वेळी. एका दुपारी पुण्याहून पार्सल आलं. कनिकाने सासूसाठी पोहायचा काळा पोशाख पाठवला होता. कांताबाईने तो दोन बोटांत धरून उलटासुलटा केला.

"हे काय गं? सुकलेलं वांगं?"

"अंगावर घातलं की ताणतं ते."

"अन् तू त्यात बसशील?"

"मी न्हाई बसणार, पण शेठच्या पायजम्यात मी अन् तू दोघी बसू," चंदनबाई म्हणाली, आणि मग त्या तिघी अशा हसल्या, की संपत भाकरी घेऊन उठला आणि बांधाच्या पलीकडे जाऊन बसला.

चंदनबाई शिकत होती. हात जड होते, पाय उशिरा हलायचे, पण जिद्द मोठी. पायरीपासून समोरच्या भिंतीपर्यंत ती जायला लागली, भिंतीला हात लावून परत यायला लागली. भोपळा मागून डुलत यायचा. बेबीनंदा शेजारी पोहत राहायची आणि गुणगुणायची:

भोपळा भोपळा, वेलीचा गं उतरला
सखीच्या कमरेला, जीव माझा बांधियला

एके दिवशी परतताना तिने भोपळा खांद्यावर घेतला तर आत खळबळ झाली. जड लागला. तिने तो उलटा केला. तोंडावरचं मेण उन्हाने मऊ पडून एका बाजूने सुटलं होतं, आणि त्या फटीतून पाण्याची धार लागली. धार थांबेचना. भोपळा जवळजवळ भरलेला होता.

बेबीनंदा वाटेतच उभी राहिली. तिला आठवलं, गेले काही दिवस भोपळा डुलत नव्हता. पाण्याखालून ओढल्यासारखा येत होता. म्हणजे त्याने चंदनबाईला वर धरलं नव्हतं. चंदनबाईच त्याला ओढत होती. तिला पोहायला येत होतं. केव्हाच येत होतं.

पहिलीतलं पोरगं पहिल्यांदा सलग ओळ वाचतं तेव्हा बेबीनंदा सगळ्या वर्गाला टाळ्या वाजवायला लावायची. आता तिने मागे वळून हाक मारायला हवी होती. चंदनबाई आणि कांताबाई मागूनच येत होत्या, काहीतरी बोलत, हसत. बेबीनंदाने तोंड उघडलं, आणि मिटलं. भोपळ्यातलं पाणी बांधाच्या कडेला ओतून टाकलं आणि चालू लागली.

दुसऱ्या दिवशी तिने तोच भोपळा, तसाच, चंदनबाईच्या कमरेला बांधला. गाठ रोजच्यापेक्षा घट्ट मारली आणि स्वतः एका हाताच्या अंतरावर राहून पोहली.

"आता सोडायचा का गं?" पोहून आल्यावर चंदनबाईने विचारलं.

"न्हाई अजून. दम कच्चा आहे."

त्यानंतर उजवा हात आखूड पडत होता. मग पाय बराबर जुळत नव्हते. रोज काही ना काही कमी निघत होतं आणि बेबीनंदा रोज संध्याकाळी भोपळ्यातलं पाणी ओतून टाकत होती. चंदनबाई मान हलवायची. "तू म्हणशील तसं," म्हणायची. कांताबाई दोरी गुंडाळता गुंडाळता एकदा म्हणाली, "आमच्या म्हशीला यवढं पोहता येत न्हाई, अन् ह्यास्नी अजून कच्चं दिसून राह्यलं." बेबीनंदाने ऐकलं न ऐकलं केलं.

नवलकिशोर शेठ एका सकाळी काठी टेकत आले. ओट्यावर बसले. संपतने पाणी दिलं.

"मास्तरीणबाई," शेठ म्हणाले, "आमच्या विद्यार्थिनीची परीक्षा कधी आहे?"

"होईल शेठजी. तयारी चालू आहे."

"तसं न्हाई, मला घाई न्हाई. पण सामान सगळं खोक्यात भरून झालं. कप-बशा पण. दोनदा अंकितला गाडी घेऊन येऊ नको म्हणून सांगितलं. आता मी रोज सकाळी शेजारी कप मागायला जातो. काल शेजारचे म्हणले, शेठ, कप राहू द्या, तुम्हीच इथं येऊन पीत जा." ते हसले. मग काठीची मूठ चोळत म्हणाले, "ती रोज विहिरीवरून येते ना, तर गाणं म्हणत येते. लग्नाला इतके वर्षं झाले, मला म्हाईतच न्हाई ती गाते. तुम्ही सावकाश शिकवा."

बेबीनंदाला ते 'सावकाश' गिळता आलं नाही.

त्याच दिवशी कनिकाचा फोन आला. पहिल्यांदाच, थेट बेबीनंदाला.

"मावशी, तुम्हाला त्रास देतेय. मम्मींचं पोहणं कसं चाललंय?"

"छान चाललंय."

पलीकडे कनिका हसली. "मावशी, मला माहितीये त्यांना येत नव्हतं. अंकितने त्याच रात्री सांगितलं. विहिरीच्या काठावर मम्मी कशा रडायच्या, त्याची नक्कल करून दाखवली. मी मुद्दामच काही बोलले नाही. त्यांना एवढी हौस आली होती." मागे बाळ किरकिरत होतं. ते उचलून घेतल्याचा आवाज आला, आणि मग कनिकाचा आवाज जरा खाली गेला. "त्यांना मी सांगते, घाई नाही, आरामात या. पण खरं सांगू? माझी सुट्टी संपत आलीये. आई परत गेली. दिवसभर मी आणि ही, दोघीच. मम्मी येणार म्हणून मी दिवस काढतेय. त्यांना पोहता नाही आलं तरी चालेल हो. तुम्ही सांगितलं तर ऐकतील त्या."

"येईल," बेबीनंदा म्हणाली. "या आठवड्यातच येईल. आणि कनिका, पोहता येत न्हाई असं म्हणू नको. तिला बराबर येतं."

फोन ठेवून ती माळ्याखाली जाऊन उभी राहिली. भोपळा खुंटीला लटकत होता. तो तिने कधी कुणाच्या कमरेला नको तितके दिवस बांधला नव्हता. पोरगं तयार झालं की त्याच दिवशी सोडायचा, मग ते रडो की ओरडो. पायलला तर तिने मधल्या पाण्यातच सोडलं होतं आणि पायल तरली होती. 'मला सोडायला येतं,' ती स्वतःलाच म्हणाली. 'मी दुसरं काय करते? दरवर्षी चौथीतली पोरं पाचवीला जातात, मी त्यांना फाटकापर्यंत घालवते आणि माघारी येऊन पहिलीचा वर्ग उघडते.' तिने पदर खोचला.

त्या दुपारी चंदनबाई रोजच्यासारखी पाठ करून उभी राहिली, भोपळा बांधून घ्यायला. बेबीनंदाने भोपळा कांताबाईच्या मांडीवर ठेवला.

"आज बांधायचा न्हाई."

"का?"

"त्याचं मेण गेलंय. आत पाणी जातं."

"कव्हापासून?" हे कांताबाईने विचारलं.

"बरेच दिवस झाले." बेबीनंदा चंदनबाईकडे बघत राहिली, नजर खाली घातली नाही. "मला म्हाईत होतं, चंदन. तू त्याच्याबिगर पोहत होतीस. तरी मी बांधत राहिले. तुला जाऊ द्यावं वाटत नव्हतं म्हणून."

विहिरीत एक पारवा घुमला. चंदनबाईने डोक्याचं फडकं सोडून पुन्हा बांधलं.

"मला पण म्हाईत होतं," ती म्हणाली.

"काय?"

"अगं, कमरेला कळशी बांधल्यासारखा ओढत होता तो. मला कळणार न्हाई? पण तू रोज एवढ्या मनानं गाठ मारत होतीस. म्हणलं, बांधू दे. माझं तरी कुठं मन होतं सोडायचं?"

"थांबा, थांबा," कांताबाई उठून उभी राहिली. भोपळा तिने काखेत घेतला होता. "म्हंजे हिला पोहता येत होतं. हे तुला म्हाईत. तुला म्हाईत हे तिला म्हाईत. मंग मी रोज भर उन्हात दोरी धरून बसत होते ती कशापायी?"

आधी चंदनबाईला हसू फुटलं, मग बेबीनंदाला. कांताबाई दोघींना शिव्या घालत राहिली आणि त्या शिव्या हसण्यात कधी मिसळल्या ते तिलाही कळलं नाही. बांधावरून संपतने काळजीने विचारलं, "मासा हाय का?"

चंदनबाई पाण्यात उतरली. भोपळा नाही, दोरी नाही. बेबीनंदा शेवटच्या पायरीवर थांबली. पाण्यात गेली असती तर हात आपसूक पाठीखाली गेला असता. चंदनबाईने पायरीला पाय रेटला आणि निघाली. कमरेचं ओझं गेल्यामुळे ती केवढी हलकी झाली होती! समोरच्या भिंतीला हात लावला, वळली, मधोमध येऊन उताणी झाली, मान टाकली. क्षणभर झऱ्याचं ऐकलं असेल. मग परत आली ती थेट पायऱ्या चढून वर, निथळत, मोटेच्या दगडावर.

"चंदन, तेवढं राहू दे," बेबीनंदा खालून म्हणाली. "पोहता आलं, झालं."

"पोहते असं मी कुठं म्हणले होते? मुटके मारतो म्हणले होते."

दगडाच्या टोकाशी गेल्यावर तिने खाली पाहिलं आणि तिचे पाय थांबले. वरून पाणी लांब दिसतं, ज्याला माहीत आहे त्यालाही. ती दोन पावलं मागे सरली. कांताबाईने एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच काही टोचून बोलायचं टाळलं. मग बेबीनंदानेच वर पाहून हाक दिली, तिच्या शाळेच्या मैदानावरच्या आवाजात:

"काय गं? भ्यायलीस का, बिचारी?"

"कोण बिचारी?" चंदनबाई म्हणाली, आणि नाक दाबून, गुडघे पोटाशी घेऊन तिने अंग सोडून दिलं.

ते पाणी उडालं! पायऱ्या भिजल्या, कांताबाई भिजली, तिच्या काखेतला भोपळा भिजला, कठड्यावर ठेवलेले खाखरे वाहून गेले. आणि संपतने इतक्या दिवसांत पहिल्यांदा मान वळवून विहिरीकडे पाहिलं, कारण थेंब त्याच्या मानेवर पडले होते. पाणी निवळेपर्यंत बेबीनंदाने श्वास घेतला नाही. मग फडकं गेलेलं, केस सुटलेलं एक डोकं वर आलं आणि ओरडलं, "कनिकाच्या आईला सांगा!"

अंकित रविवारी गाडी घेऊन आला. खोकी आदल्या दिवशीच टेम्पोने गेली होती. सकाळी बोळात सगळे जमले. कांताबाईने ओटी भरली आणि वर टोपलीभर वाळकं गाडीत कोंबली. "पुन्यात असले भेटत न्हाईत," म्हणून. अंकितने बेबीनंदाच्या पाया पडून विचारलं, "मॅडम, मम्मीने खरंच मुटका मारला?"

"तुझ्यापेक्षा मोठा."

"मी किती मोठा मारायचो?"

"तू मारायचास कुठं? तुला तुझ्या वर्गातल्या कल्याणने ढकललं होतं."

शेठ मागे बसले. चंदनबाई मात्र दार उघडं धरून उभीच होती. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. जे बोलायचं ते विहिरीवर बोलून झालं होतं. चंदनबाईचा हात गाडीच्या दाराला चिकटला होता, पायरी धरायची तसा. बेबीनंदा पुढे झाली. तिने ती बोटं एकेक करून सोडवली, सगळी सुटल्यावर तळहात एकदा दाबला आणि म्हणाली, "बस. मान टाक. कनिका वाट बघून राह्यली."

चंदनबाई बसली. गाडी बोळातून वळली, बाजारात गेली. बेबीनंदा तिथेच उभी राहून हळूच म्हणाली, कांताबाईलाच काय ते ऐकू आलं:

सोडिली गं दोरी, गाठ सोडिली हातानं
सखी निघाली पल्याड, तिच्या सोताच्या दमानं

कांताबाईने नाक ओढलं. पदराने डोळे पुसले आणि मग एकदम रागावल्यासारखी म्हणाली, "मेण हाय का घरी?"

"कशाला?"

"त्या भोपळ्याला. दोरी धरून धरून माझे हात सोलले. आता उद्यापासून तू धर. मी उतरते."

बेबीनंदाने तिच्याकडे पाहिलं. कांताबाई चेष्टा करत नव्हती. शाळा उघडायला अजून दिवस होते आणि विहिरीचा झरा वाहता होता.

"मेण नको," बेबीनंदा म्हणाली. "मेण उन्हात वितळतं. या खेपेला लाख लावू."

दुसऱ्या दुपारी कांताबाई भाच्याची पँट घालून पायरीवर बसली, कमरेला भोपळा, दोन्ही हातांनी दगड धरलेला. कठड्यावर बेबीनंदाचा फोन उभा करून ठेवला होता. त्यात मांडीवर नात घेतलेली चंदनबाई, आणि मागे निळा तलाव.

"तळ दिसतो गं इथला!" ती फोनमधून ओरडत होती. "काय मजाच न्हाई! बेबी, तिची बोटं सोडव. कांते, सोड पायरी! सोड म्हणते ना!"

"तू गप बस, शेठाणी!" कांताबाई किंचाळली. "मासा चावला मला!"

निंबाखाली, पाठमोरा बसून, संपत खोकला. वाटेवर कुणीही नव्हतं.